दुधाच्या पिशवीतली काडेपेटी

आबा,

काल तुमच्या नातीनं मला विचारलं, "आई, आपल्या घरात काडेपेटी का नसते गं?" पलंगावर तिची सॅक उघडी पडलेली, मोबाइलवर सामानाची यादी, आणि ती एकेक वस्तू आत कोंबत होती. कॉलेजातल्या पोरापोरींबरोबर चार दिवस सह्याद्रीत भटकायला निघाली होती. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. सतरा वर्षांची आहे. कपाळ तुमचं घेतलंय आणि हट्टही तुमचाच. मी म्हटलं, गॅसचा लायटर आहे की. ती हसली. "तो हातभर लायटर घेऊन जाऊ डोंगरावर?" मी स्वयंपाकघरात गेले आणि कुणी मागितला नसताना चहा ठेवला.

आज सकाळी ती गेली. रविवार आहे, दुपारची वेळ आहे, तुमचे जावई शेताकडं गेलेत आणि हवामानवाले घाटावर अवकाळी पाऊस सांगतायत. आता आम्ही आपल्याच भागातल्या वाशीत राहतो, मी इथंच शाळेवर विज्ञान शिकवते. आपल्या जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालंय; तुम्ही गेलात तेव्हाच्या कागदांवर उस्मानाबाद आहे. एवढं सगळं इकडचं तिकडचं लिहितेय, कारण जे सांगायचं ते एकच आहे आणि ते सव्वीस वर्षं राहून गेलंय. बालाघाटच्या त्या कपारीत तुम्ही गारठून बरळत होता, समोर कोरडं सरपण होतं आणि आपल्याकडं पेटवायला काही नव्हतं, असं तुम्ही मरेपर्यंत समजत होता. तसं नव्हतं. माझ्या पिशवीत काडेपेटी होती. ती भिजून गेली असणार, काढली असती तरी पेटली नसती, असं मी स्वतःला सांगत आलेय. पण सांगितलं तुम्हाला नाही.

आपल्या घराला देव्हारा नव्हता, पण काडेपेटीला मात्र होता. फडताळाच्या वरच्या खणात पत्र्याचा डबा आणि डब्यात ती. सकाळी चूल आणि संध्याकाळी बुद्धवंदनेची मेणबत्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर यायची. आई काडी ओढायची, विझलेली काडी पाण्यात बुडवायची आणि पेटी लगेच परत डब्यात. तेरखेड्यात निम्मं गाव फटाक्यांच्या कामावर, त्यामुळं विस्तवाला सगळेच जपून असायचे, पण तुमच्यासारखं कुणी नाही. तुमचं काम झडतीचं. रोज सकाळी फटाक्यांच्या शेडच्या दाराशी उभं राहायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे, कनवट, पायातलं खेटर तपासायचं. विडी, काडेपेटी, खिळ्याची चप्पल, नायलॉनचा कपडा, काहीही सापडलं की माणूस माघारी. मग तो कुणाचाही सोयरा असो. गावात तुम्हाला झडतीवाले आबाच म्हणायचे. लग्नाच्या मांडवात तुम्ही दिसलात की लोक गमतीनं दोन्ही हात वर करायचे आणि तुम्हीही हसत त्यांच्या बरगड्या चाचपायचात. तुमच्या सदऱ्याला गंधकाचा वास कायमचा. आई दोनदोन पाण्यातून काढायची तरी जायचा नाही. मला तो आवडायचा. तो आला की तुम्ही आलात.

तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलंत. नऊ वर्षांची होते. शाळेत काडेपेट्यांवरचे छाप जमवायचं वेड लागलं होतं आणि वाघाचा छाप मिळाला म्हणून मी अख्खी पेटीच फ्रॉकच्या खिशात टाकून आणली होती. तुम्ही दारातच मला उचलून घेतलंत, खिशावर हात लागला आणि तुमचा चेहरा पांढरा पडला. मग जी लगावलीत, ती अजून आठवते. संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. मला जवळ बोलावलंत, माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवलात आणि म्हणालात, "म्हण. आबाच्या गळ्याशपथ, आगपेटी जवळ बाळगणार न्हाय." मी म्हटलं. "आन बाळगलीस तर माजं मेलेलं तोंड बघशील." माझ्या तळव्याखाली तुमचा गळा आवंढा गिळताना हलत होता.

आता बघा आबा, तुम्ही कधी नवस बोलला नाहीत, गंडादोरा बांधला नाहीत. कुणी अंगारा दिला तर त्यानं भांडी चांगली निघतात म्हणायचात. असा माणूस, आणि नऊ वर्षांच्या पोरीला थेट गळ्याची शपथ! मोठी झाल्यावर मला कळलं की भीतीच एवढी होती की त्या वेळी तुम्हाला दुसरं काही सुचलं नसणार. आम्ही पोरी तर शाळेत दिवसातून दहा वेळा शपथा घ्यायचो आणि "सुटली म्हण" म्हणून सोडवूनही घ्यायचो. पण त्यात नियम पक्का होता, ज्यानं शपथ घातली त्यानंच सुटली म्हणायचं, दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालत नाही. तुम्ही कधी म्हणाला नाहीत आणि मीही म्हणा म्हटलं नाही.

दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर शाळेची सहल सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर जाणार होती. नोटीस मी घरी आणली. तुम्ही ती बोट फिरवत वाचत गेलात आणि एका शब्दावर थांबलात. रात्री शेकोटी. झालं, सहल तिथंच संपली. मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. कामं करायचे, पण भांडी जरा जोरात आपटायचे. पाचव्या दिवशी तुम्ही म्हणालात, "सह्याद्रीच कशाला पायजे? आपला बालाघाट काय वाईट हाय? दिवाळी झाली, शेड बंद हाय. आपुन दोघं जाऊ, पाठीवर बोजा घिऊन. इथनं यरमाळा, तिथनं डोंगरा-डोंगरानं येडशीला, रामलिंगाच्या दरीत. दोन मुक्काम करू." मला हसू आलं आणि रागही गेला नाही. बालाघाट म्हणजे काय, रोज परसातनं दिसतो तो! पण तुम्ही मनावर घेतलं होतंत. जाड मांजरपाटाच्या दोन पाठपिशव्या स्वतः शिवल्यात. एक बकल नाही, एक चेन नाही, सगळीकडं नाड्या. डोंगरात कुठली आलीय फटाक्याची दारू, पण लोखंड म्हणजे ठिणगी ही तुमच्या हाताची सवय. माझा स्वेटर आणि तुमचाही, नायलॉनच्या लोकरीचे म्हणून घरीच राहिले. आई म्हणाली, "आवो, तिकडं कोन स्फोट व्हनार हाय?" तुम्ही म्हणालात, "सवय मोडली की घात व्हतो."

आणि मी काय केलं? सहलीच्या नोटिशीतली सामानाची यादी मी उतरवून घेतली होती. यादीबरहुकूम वागणारी मुलगी मी, आजही तशीच आहे. पाण्याची बाटली, बॅटरी, दोरी, जादा कपडे, काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. मी दुकानातून काडेपेटी आणली, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळली, वर दोऱ्याची गाठ मारली आणि तळाशी ठेवली. लागणार नाही असं वाटत होतं. लागलीच तर तुम्हीच म्हणाल, बरं झालं आणलीस, असंही वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर थोडी खुन्नसही होती. माझी शेकोटी तुम्ही हिसकावून घेतली होतीत.

पहिला दिवस किती चांगला गेला. ऊन कोवळं, गवत पिवळं पडलेलं, पायजम्याला कुसळं चिकटायची आणि आपण बसलो की तुम्ही ती एकेक काढायचात. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. उशिराची सीताफळं झाडावर होती, ती तुम्ही दाबून बघून तोडलीत. एका हिवराच्या झाडाखाली बसलो असताना तुम्ही एकदम सांगायला लागलात. मी विचारलं नव्हतं. "तुजा थोरला चुलता लई विडी ओढायचा. त्या दिशी सकाळी त्याच्या बंडीच्या खिशाला चौकोनी उठाव दिसला मला. आगपेटीचा. म्या बघितला. पर थोरल्या भावाला कसं म्हनू, खिसा दावा म्हनून? म्हनलं, दुपारी भाकरी खाताना सांगू." तुम्ही सीताफळाची बी लांब थुंकलीत. "दुपार झालीच न्हाय." चुलते शेडमधल्या अपघातात गेले एवढंच मला ठाऊक होतं. झडतीचं काम तुम्ही का मागून घेतलंत, ते मला त्या झाडाखाली कळलं. पुढं म्हणालात, "कुनाला सांगितलं न्हाय ह्ये. तुज्या आईलाबी न्हाय."

बाप पोरीला मोठं माणूस समजून काही सांगतो, असं माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. तीच वेळ होती आबा. मीही म्हणायला हवं होतं, माझ्याही पिशवीत एक आहे, रागावू नका. तुम्ही रागावला असता, ती डबक्यात फेकली असती, आणि दुसऱ्या दिवशी जे झालं ते तसंच झालं असतं. पण मग ते माझ्या डोक्यावर नसतं. सीताफळ खाल्लं आणि हात गवताला पुसले.

यरमाळ्याच्या अलीकडं तुमच्या ओळखीच्यांच्या वस्तीवर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आपण डोंगरावर चढलो तेव्हा आभाळ खाली आलं होतं. दहा-अकराच्या सुमाराला पाऊस सुरू झाला. बारीक, पण वाऱ्याबरोबर आडवा. आपल्याकडची माणसं पावसाला काय भिणार? आपण आयुष्यभर त्याची वाट बघणारी माणसं. तुम्ही प्लॅस्टिकचा एकुलता एक कागद माझ्या अंगावर टाकलात आणि स्वतः पठारावर उघड्या अंगानं पाऊस घ्यावा तसे हात पसरून उभे राहिलात. "ज्वारीला लई ग्वाड झालं!" मी म्हटलं, आबा, झाडाखाली चला. तुम्ही म्हणालात, "पाऊस आला की पळत्यात व्हय, येडे?" अर्धा तास तुम्ही भिजत चाललात आणि वर गाणं म्हणत होता. कोकणातला किंवा घाटावरचा माणूस असता तर पहिल्या थेंबाला आडोसा शोधला असता. तुम्हाला मात्र पावसात भिजून कुणाला काही होतं, हेच ठाऊक नव्हतं.

मग धुकं उतरलं. समोरची पायवाट गेली, डोंगर गेले, खालच्या रस्त्यावरच्या ट्रकांचे आवाज कधी उजवीकडून यायचे कधी डावीकडून. मांजरपाटाच्या पिशव्यांनी पाणी पिऊन घेतलं आणि त्या पाठीवर धोंड्यासारख्या झाल्या. आपण तीनेक तास फिरलो असू. एकाच वाकड्या बाभळीपाशी दुसऱ्यांदा आलो तेव्हा तुम्ही "ही दुसरी बाभळ हाय" म्हणालात, पण मला तिच्या फांदीला अडकलेली चिंधी ओळखू आली होती. तुमचं गाणं कधीच थांबलं होतं. दात वाजत होते. तुमची चप्पल तुटली आणि तुम्ही ती हातात धरून चालायला लागलात. टाकून द्यायचं तुम्हाला सुचत नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

कपार सापडली ती माझ्या पायाला. घसरले आणि खाली कोरड्या मातीवर आले. मेंढरंवाल्यांची जागा असणार ती. आत तीन दगडांची चूल, भिंतीला लावून ठेवलेल्या शेणी, बोराटीच्या काटक्या, सगळं हाडासारखं कोरडं. तुम्ही ते बघितलंत आणि तुमचा हात आपोआप खिशाकडं गेला. रिकाम्या खिशात थोडा वेळ राहिला. मग तुम्ही हसलात. दात वाजत असताना माणूस हसतो तेव्हा कसं दिसतं ते मी विसरलेले नाही. "आपल्या घरात कुनाच्या खिशात आगपेटी असती व्हय?" तुम्ही हे अभिमानानं म्हणालात. त्यानंतर माझी पेटी काढायची म्हणजे तुमचा तो अभिमान तुमच्या तोंडावर फेकून मारायचा. थांबू जरा, मी मनाशी म्हटलं. पाऊस थांबेल. तुम्हीही असंच म्हटलं होतंत ना, दुपारी सांगू म्हणून?

मग तुमचं थरथरणं थांबलं. मला बरं वाटलं, ऊब आली असेल म्हणून. मी विज्ञान शिकवते आबा, आता मला ठाऊक आहे, ते थांबणं म्हणजे अंगातली ऊब संपत आल्याची खूण. तुम्ही बोलायला लागलात, पण शब्द जड, एकमेकांत घुसलेले. उठून कपारीच्या तोंडाशी गेलात, पाय फाकून उभे राहिलात, शेडच्या दाराशी राहायचात तसेच. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. "या. येकेक या. हात वर." आणि तुम्ही धुक्यातल्या माणसांच्या बरगड्या चाचपायला लागलात. एकाला आत सोडलंत, दुसऱ्याला सोडलंत, एका बाईला म्हणालात, "चप्पल हितंच ठिव, माय." मग कुणापुढं तरी तुमचा हात अडला. "भाऊ, तुमीबी दावा." तुम्ही वाट बघत राहिलात. "दावा की भाऊ. राग नगा धरू." तुम्ही रडत होता. मी तुम्हाला आधी कधी रडताना बघितलं नव्हतं. मी तुमचा दंड धरून आत ओढलं तर तुम्ही माझ्याकडं वळलात, ओळख नसलेल्या माणसाकडं बघावं तसं बघितलंत आणि विचारलंत, "तुज्याकडं हाय का गं, आगपेटी?"

मी म्हटलं, "न्हाय."

"जा मंग आत," तुम्ही म्हणालात आणि भिंतीला टेकून खाली बसलात.

मी आत गेले. पिशवीची नाडी सोडली, तळाशी हात घातला आणि मग तो तसाच बाहेर काढला. का, हे मी सव्वीस वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगितलंय. तुमच्या मनानं तुम्ही दारूच्या शेडमध्ये बसला होता, अशा माणसासमोर काडी कशी ओढायची? हे खरंच आहे. काडेपेटी बाहेर आली की शपथ मोडल्याचं उघड होणार आणि तुम्ही तिथंच मरणार, असं मला पंधराव्या वर्षी खात्रीनं वाटत होतं, हेही खरं आहे. तुमची एक थप्पड मला आठवत होती, हेसुद्धा. आणि शिवाय, पिशवीतनं पाणी गळत होतं, पेटी कसली कोरडी राहतेय, असं आणखी एक कारण मी पुढं त्यात घातलं.

दिवस कलायला आला तेव्हा एक म्हातारी धनगरीण चुकलेलं कोकरू शोधत तिथं आली. तुमच्याकडं बघून तिनं कोकरू सोडून दिलं. तुमचे तळपाय हातात घेऊन बघितले. "आगं, ह्ये तर गार पडलंय मानूस! जाळ का केला न्हाईस?" तिनं शेणींकडं बोट केलं. "आगपेटी न्हाय का तुमच्याकडं?" दुसऱ्यांदा मी म्हटलं, "न्हाय." ती म्हणाली, "आन डोंगरात रिकाम्या हातानं आलात?" तिनं स्वतःची घोंगडी तुमच्यावर टाकली, मला म्हणाली, बापाच्या अंगावर पड आणि उठू नको. मग ती खाली त्यांच्या मेंढरांच्या वाड्याकडं विस्तव आणायला पळाली. पावसात, त्या वयात, अनवाणी. यायला तिला तासभर लागला. मडक्यात निखारे घालून वर ओलं पोतं झाकून आणले होते तिनं. त्या तासात मी तुमच्या अंगावर पडून होते आणि तुमच्या छातीत कुणीतरी कागद चुरगळत असल्यासारखा आवाज येत होता. तो तास माझा आहे आबा. बाकी सगळं पावसाचं, धुक्याचं, नशिबाचं असेल, तो तास माझा आहे.

जाळ झाला आणि तुम्ही माणसात आलात. सकाळी त्यांच्या पोरांनी तुम्हाला धरून रस्त्याला आणलं, जीप मिळाली, घरी आलो. चार दिवसांनी ताप चढला आणि दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, छातीत वर्षानुवर्षांची पावडर बसलीय, फुप्फुसं आधीच गेलेली, थंडीचं निमित्त झालं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस तोच शब्द म्हणायचा, निमित्त. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकायचे. आणि तुम्ही, धाप लागत असताना, येईल त्याला सांगायचात, "पोरगी लई घट माजी. डगमगली न्हाय. आन आमच्या दोघांच्या खिशात आगपेटी न्हवती, येवढ्या गारठ्यात बी न्हवती!" लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे. आबा, तेवढं एक तुम्ही बोलायला नको होतं.

तिसऱ्या आठवड्यात तुम्ही गेलात. अंगणात ठेवलं होतं तुम्हाला. आई म्हणाली, "बघ गं शेवटचं." मी डोळे मिटून उभी राहिले. बायका म्हणाल्या, पोरीला सोसवत नाही. तसं नव्हतं. मेलेलं तोंड बघशील, असं तुम्ही म्हणाला होतात; बघितलंच नाही तर शपथ खरी कशी ठरेल? पंधरा वर्षांच्या डोक्यानं मी अशी पळवाट काढली. त्याचा परिणाम एवढाच झाला की तुमचा शेवटचा चेहरा माझ्यापाशी नाही. जो आहे तो कपारीतला, ओळख नसलेला, विचारणारा. अजूनही हिवाळ्यात धुकं पडलं की सकाळी मी दार उघडून बाहेर बघायचं टाळते. फाटकापाशी माणसं ओळीनं हात वर करून उभी असतात आणि तुम्ही शेवटच्या माणसापुढं थांबलेले असता. मला ठाऊक आहे की तिथं कुणी नसतं. तरी मी शाळेला उशिरानं निघते.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी फोटोसमोरची मेणबत्ती लावायला मला सांगितलं तर मी काडीला हात लावला नाही, ती आईनंच लावली. आई गेली, तिलाही सांगायचं राहिलं. वर्गात ज्वलनाचा धडा आला की काडी मी मुलांना ओढायला लावते. त्यांना वाटतं बाई लई चांगल्या आहेत, प्रयोग करू देतात! आणि ती काडेपेटी मी टाकली नाही. दुधाच्या पिशवीसकट, गाठीसकट, माझ्या जुन्या कंपासपेटीत ठेवली. लग्न होऊन आले तेव्हा ट्रंकेतनं आली, घर बदललं तेव्हाही आली.

आज पहाटे मी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला उठवून नवी काडेपेटी आणली. दुधाच्या पिशवीत गुंडाळली, दोरा बांधला आणि तुमच्या नातीच्या सॅकमध्ये बाजूच्या खिशात घातली. ती म्हणाली, "दुधाच्या पिशवीत? आई, तू पण ना!" मी म्हटलं, भिजलीस तर पहिल्यांदा जाळ कर, कुणाला विचारत बसू नको. बस सुटताना खिडकीतून तिनं हात हलवला आणि माझ्या तोंडून निघालंच, "माझ्या गळ्याची..." मी जीभ चावली. ती ओरडली, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही. गळ्याला मफलर बांध."

घरी येऊन कंपासपेटी काढली. गाठ सुटेना, दोरा कात्रीनं कापला. डोळे मिटून काडी ओढली. पहिल्याच ओढीला पेटली आबा, आणि स्वयंपाकघरात तुमच्या सदऱ्याचा वास आला. मी डोळे उघडेपर्यंत ती बोटापर्यंत आली होती. आता हे पत्र कुठं टाकणार मी? त्या कंपासपेटीत जागा झालीय, तिथंच घडी करून ठेवीन. तुमच्यापर्यंत ते पोचलं असतं तर एवढंच मागितलं असतं की एकदा सुटली म्हणा. दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालत नाही.

आणि एक. सव्वीस वर्षांनी काडी पेटली यानं काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. तेव्हा ओली असेल, मागाहून वाळली असेल, असं म्हणायला मला अजूनही जागा आहे, आणि हे लिहायला घेतलं तेव्हा तसंच म्हणायचं ठरवलं होतं. पण त्या संध्याकाळी पिशवीच्या तळाशी मी हात घातला, तेव्हा बोटांनी ती हलवून बघितली होती. आतल्या काड्या खुळखुळल्या. बाहेर वाऱ्याचा एवढा आवाज होता, तरी मला नीट ऐकू आलं होतं.